कबुली आणि कबजा : ख्रिस्ती उपदेशातील पश्चात्ताप व विश्वास

मासेदोनियातील फिलिप्पै नगराच्या तुरुंगात पौल आणि सीला यांचे पाय खोड्यात अडकविलेले असता मध्यरात्री भूकंप झाला, तुरुंगाचे दरवाजे आपोआप उघडले, आणि कैदी निसटले असे समजून तेथील अधिकाऱ्याने स्वतःचा घात करण्यासाठी तरवार उपसली. परंतु एकही बंदिवान जागचा हललेला नाही असे पाहताच तो थरथरत त्या दोघांच्या पाया पडला आणि आपले तारण व्हावे म्हणून आपण काय केले पाहिजे, असे त्याने त्यांना विचारले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात नोंदलेला हा प्रश्न हे ख्रिस्ती उपदेशाचे मूळपीठ होय. त्याचे जे उत्तर नव्या करारात ठिकठिकाणी येते त्याला दोन अंगे आहेत: पापापासून मागे फिरणे आणि ख्रिस्तावर भरवसा टाकणे. पहिल्याला पश्चात्ताप म्हणतात, दुसऱ्याला विश्वास. हे दोन्ही शब्द मराठी माणसाच्या इतके अंगवळणी पडलेले आहेत की उपदेशक त्यांत काही विशेष सांगत असेल अशी शंकाही सामान्य श्रोत्याला येत नाही. पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणे आणि विश्वास म्हणजे एका धर्माचे मत सोडून दुसऱ्याचे मत मान्य करणे, एवढाच बोध घेऊन तो घरी जातो. खुद्द ख्रिस्ती उपदेशकांना मात्र या दोन्ही समजुती पुऱ्या अमान्य आहेत, आणि त्या का अमान्य आहेत हे समजून घेण्यासाठी आमच्या बेळगाव भागाइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती पडला, त्याच्या आसऱ्याने लष्करी छावणी वसली, आणि १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीच्या जोसेफ टेलर यांनी येथे आपले ठाणे घातले. त्यांच्या मागून आलेल्या विल्यम बेनन यांचे नाव शहरातील बेनन-स्मिथ शाळेच्या रूपाने अजून लोकांच्या तोंडी आहे. १९०४ साली हे क्षेत्र मेथॉडिस्ट मंडळीच्या हवाली झाले. दक्षिणेस धारवाडला १८३७ पासून बासेल मिशनचे जर्मन व स्विस पाद्री होते; उत्तरेस, निपाणीच्या पलीकडे कोल्हापुरास, १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी येऊन राहिले. पश्चिमेकडून, गोव्यातून, कॅथलिक धर्मपरंपरा घाट चढून आलेली होतीच, आणि १९५३ साली तिचा बेळगाव हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही आमची गावे शहराच्या उत्तर अंगाला, जवळजवळ शहराला खेटून. भाजीपाला घेऊन, नोकरीनिमित्त किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कॅम्पात जाणाऱ्या येथील माणसांनी चर्चची घंटा पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली आहे, परंतु तेथे व्यासपीठावरून नेमके काय मागितले जाते याची विचारपूस फारशी कोणी केलेली नाही.

मराठी माणूस या विषयाकडे वळतो तेव्हा त्याच्या मनात आधीच दोन परंपरा नांदत असतात. एक वारकऱ्यांची. आषाढीला पंढरीची वाट धरणाऱ्या माणसाला अनुताप ही गोष्ट परकी नाही. स्वतःचे दोष देवापुढे उघडे करून मांडण्याची तुकोबांची रीत त्याने भजनातून लहानपणीच आत्मसात केलेली असते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, त्याचे मर्म हेच होय. दुसरी परंपरा धर्मशास्त्रातील प्रायश्चित्ताची. तिच्याविषयी अन्याय होऊ नये म्हणून प्रथमच सांगितले पाहिजे की, मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीची साधने सांगताना पापाचे प्रकट कथन आणि अनुताप यांना तप व अध्ययन यांच्याही आधी स्थान दिलेले आहे. व्यवहारात मात्र एकोणिसाव्या शतकात प्रायश्चित्ताचा संबंध अंतःकरणापेक्षा पंक्तीशी अधिक येऊ लागला होता. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री हा मुलगा मिशनऱ्यांच्या घरून न्यायालयाच्या हुकुमाने परत आला तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी केवढी खटपट केली आणि त्यासाठी स्वतः किती विरोध सोसला! १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापानाला गेलेल्या मंडळींवर ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचले, आणि आपल्या हातून काही पाप घडले असे वाटत नसतानाही स्नेह्यांची कुचंबणा टळावी म्हणून माधवराव रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. रानड्यांच्या या वागण्यातील सौजन्य मोठे आहे. परंतु पाप केल्याची जाणीव नसता घेतलेले प्रायश्चित्त हे समाजात पुन्हा प्रवेश मिळविण्याचे साधन होय, आणि ख्रिस्ती उपदेशक ज्याला पश्चात्ताप म्हणतो त्याच्याशी त्याचे नाते नाही.

मग पश्चात्ताप म्हणजे काय? करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने दुःखाचे दोन प्रकार केले आहेत. एक दुःख देवाच्या संदर्भातले, दुसरे जगाच्या. पहिल्याचा शेवट तारणात, दुसऱ्याचा मरणात. हा भेद पुढच्या अनेक उपदेशकांनी येशूच्या दोन शिष्यांच्या उदाहरणाने समजावून दिलेला आहे. यहूदा इस्कार्योताने गुरूला तीस रुप्यांना विकले, पेत्राने त्याच रात्री गुरूची ओळख तीनदा नाकारली. दोघांनाही दुःख झाले. यहूदाने तर घेतलेले पैसे परत नेऊन मंदिरात टाकले आणि आपला अपराध याजकांसमोर स्पष्ट शब्दांत कबूल केला. म्हणजे दुःख, कबुली आणि परतफेड ही तिन्ही लक्षणे त्याच्या ठायी दिसतात. तरीही तो गेला तो आपल्या अपराधापाशीच गेला, आणि त्याने गळफास लावून घेतला. पेत्र रडला आणि ज्याचा अपराध केला होता त्याच्याकडे परत आला. दुःख किती तीव्र आहे यावर पश्चात्तापाचा खरेपणा अवलंबून नाही, ते माणसाला कोणत्या दिशेने नेते यावर आहे, ही गोष्ट या दोन चरित्रांइतकी स्पष्ट कोठेच दिसत नाही. शिक्षेची भीती, अब्रू गेल्याची हळहळ, हिशेब चुकल्याचा पस्तावा, ही सारी दुःखे स्वतःभोवतीच घुटमळतात. ज्याच्याविरुद्ध अपराध घडला त्या परमेश्वराकडे जे तोंड फिरविते तेच दुःख उपदेशक खरे मानतो.

ही दिशा ओळखावी कशी? येथे ख्रिस्ती शास्त्र एकदम व्यवहारी होते, आणि मला तरी त्याचा हा भाग सर्वांत बळकट वाटतो. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीच्या काठी लोकांना पश्चात्ताप करा म्हणून गर्जून सांगत होता, तेव्हा त्याच्यापुढे जकातदार आले आणि शिपाई आले. आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले. योहानाने त्यांना अरण्यात जाऊन तप करावयास सांगितले नाही किंवा नोकरी सोडावयासही सांगितले नाही. जकातदाराने ठरलेल्या दरापेक्षा अधिक वसूल करू नये, शिपायाने कोणावर जुलूम करून वा खोटा आळ घेऊन पैसा उकळू नये आणि आपल्या पगारात संतोष मानावा, एवढेच त्याने सांगितले. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील हा प्रसंग महसूल कचेरी आणि लष्करी छावणी या दोहोंच्या सावलीत वाढलेल्या बेळगावातल्या माणसाला निराळ्या टीकेवाचून कळावा. पश्चात्तापाची जागा माणसाचा नेमका तो व्यवहार होय, ज्यात त्याला पाप करण्याची सोय आहे.

त्याच लूकने पुढे एकोणिसाव्या अध्यायात जक्कयाची हकीकत दिली आहे, आणि तीत जो हिशेब आहे तो बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटतो. जक्कय हा यरीहो शहराचा मुख्य जकातदार. रोमन राज्यात अशा वसुलीचा मक्ता दिला जात असे. ठरलेली रक्कम सरकारात भरली की वर जे रयतेकडून निघेल ते मक्तेदाराचे. अशा धंद्यात श्रीमंत झालेला हा ठेंगणा गृहस्थ येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढला, येशू त्याच्या घरी उतरला, आणि लोक कुजबुजत असतानाच जक्कयाने उभे राहून सांगितले की, आपली निम्मी मालमत्ता आपण गरिबांस देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो. आता मोशेच्या नियमशास्त्रात काय सांगितले आहे ते पाहावे. एखाद्याने आपण होऊन आपला अपराध कबूल केला तर मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा भरून द्यावा, असे लेवीय व गणना या पुस्तकांत आहे. शंभर रुपये घेतले असतील तर एकशेवीस द्यावे. चौपटीचा दंड आहे तो मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला. जक्कय स्वतः होऊन कबूल होत असल्याने कायद्याने तो एकशेविसांवर सुटत होता, आणि त्याने स्वतःला चारशेच्या रकान्यात बसविले. कायद्याच्या दप्तरात आपले नाव कोणत्या सदराखाली लिहिले जावे हे त्याने स्वतःच ठरविले, आणि ते सदर चोराचे होते. पश्चात्तापाचे याहून नेमके चित्र नव्या करारात नाही असे मला वाटते. कारण आपल्या पापाला त्याचे खरे नाव देणे, त्यासाठी सबबी न सांगणे आणि दुसऱ्याचे नुकसान आपल्या खिशातून भरून देणे, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आलेल्या आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. येशू जक्कयाच्या घरी उतरला तो त्याने पैसे परत केल्यानंतर उतरलेला नाही. आधी तो उतरला, मग हात मोकळा झाला.

या क्रमावरून युरोपात मोठे रण माजले. कॅथलिक मंडळीत पापनिवेदनाचा संस्कार आहे: माणसाने अंतःकरणात दुःख करावे, याजकापुढे पाप सांगावे, आणि त्याने नेमून दिलेली भरपाई करावी. १५५१ साली त्रेन्तच्या धर्मसभेने ही तीन अंगे निश्चित शब्दांत मांडली, आणि देवावरील प्रेमाने झालेले दुःख हे नुसत्या नरकाच्या भीतीने झालेल्या दुःखाहून श्रेष्ठ असा भेदही तिने केला. परंतु त्याच्याही आधी, पापाची शिक्षा माफ झाल्याची पत्रे पैशांच्या मोबदल्यात मिळू लागली तेव्हा, जर्मनीत विटेनबर्गच्या मार्टिन लूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आपली पंच्याण्णव विधाने जाहीर केली; त्यांपैकी पहिल्याच विधानाचा आशय असा की, पश्चात्ताप हा एखाद्या दिवशी उरकण्याचा विधी नसून ख्रिस्ती माणसाचे सगळे आयुष्य पश्चात्तापमय असावे. लूथरच्या मते माणसाची कोणतीही भरपाई, कितीही प्रामाणिक असली तरी, देवापुढे त्याला निर्दोष ठरवू शकत नाही. ते काम ख्रिस्ताच्या वधस्तंभाने झालेले आहे आणि माणसाला ते केवळ विश्वासाने पदरात घ्यावयाचे आहे. हा वाद जवळजवळ पाच शतके चालला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व लूथरन मंडळ्यांनी या मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि २००६ साली जागतिक मेथॉडिस्ट परिषदेनेही त्याला संमती दिली. म्हणजे बेळगावात ज्या दोन परंपरांची उपासनागृहे एकाच शहरात उभी आहेत, त्या तारण कृपेने होते या सूत्रावर कागदोपत्री तरी एकत्र आलेल्या आहेत.

आता विश्वासाकडे वळू. प्रॉटेस्टंट शास्त्रकारांनी विश्वासाचे तीन घटक सांगितले आहेत: ख्रिस्ताविषयीची वार्ता ठाऊक असणे, ती खरी आहे असे बुद्धीला पटणे, आणि तिच्यावर स्वतःचा भार टाकणे. पहिले दोन घटक आवश्यक आहेत, परंतु तारणदायी विश्वास म्हणतात तो तिसऱ्याने पुरा होतो. याकोबाने आपल्या पत्रात याविषयी अतिशय कठोर दाखला दिला आहे: देव एक आहे हे भुतांनाही पटलेले आहे, आणि ती थरथर कापतात. म्हणजे पटण्यात त्यांची काही उणीव नाही, उणीव आहे ती स्वाधीन होण्यात. जमिनीच्या व्यवहाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे चटकन कळेल. खरेदीपत्र लिहून द्यावे, कचेरीत त्याची नोंद करावी, साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, वाटेल तितक्यांदा कबुली द्यावी; परंतु शेतावरचा कबजा सोडला नाही आणि पुढल्या पावसाळ्यात पूर्वीच्याच मालकाने तिथे पाभर चालविली, तर ते खत कोणत्या कामाचे? ख्रिस्त प्रभू आहे असे तोंडाने म्हणणारा आणि आपल्या आयुष्याचा कबजा स्वतःकडेच ठेवणारा माणूस याच जातीचा व्यवहार करतो, असे उपदेशकाचे म्हणणे आहे.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळून चालणार नाही. एफेसच्या मंडळीला पौल सांगतो की, तारण कृपेने विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नव्हे, म्हणजे कोणाला बढाई मारता येऊ नये. आणि याकोब सांगतो की, कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. वरवर हा विरोध आहे. परंतु दोघांचे प्रतिपक्षी वेगळे आहेत हे लक्षात घेतले म्हणजे तो मावळतो. पौलासमोर आपल्या पुण्याईच्या बळावर देवाकडे हक्क मागणारा माणूस आहे. याकोबासमोर, उघड्या-उपाश्या भावाला जा, ऊब घे, पोटभर खा, असे तोंडी सांगून वाटेला लावणारा माणूस आहे. पहिल्याला सांगावयाचे ते दुसऱ्याला सांगून भागत नाही. वधस्तंभावर येशूच्या शेजारी टांगलेल्या चोराला एकही सत्कर्म करण्यास अवधी मिळाला नाही, तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन मिळाले; जक्कयाला अवधी मिळाला, तेव्हा त्याने तिजोरी उघडली. विश्वास एकच, एकाला वेळ होता आणि एकाला नव्हता.

शास्त्राच्या या चर्चेला रक्तमांस मिळते ते चरित्रांतून, आणि त्यांपैकी एक चरित्र आमच्या बेळगावचेच आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. येथील मिशन शाळेत त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले आणि पुढे मुंबईस ते फ्री चर्चच्या विद्यालयात शिकले. जातिभेद व मूर्तिपूजा न मानणाऱ्या गुप्त परमहंस मंडळीशीही त्यांचा संबंध आला. ‘अरुणोदय’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या सर्व प्रवासाचा वृत्तांत दिला आहे, आणि त्यात ठळकपणे दिसते ते हे की, ख्रिस्ती धर्म त्यांच्या बुद्धीला पटल्यावरही त्यांचे पाऊल पुढे पडेना. ज्ञान होते, मान्यता होती, एकांतात प्रार्थनाही होती; परंतु आईबापांचे दुःख, जातीचा बहिष्कार, घरादाराचा वियोग, हे सारे दाराशी उभे होते. शेवटी ३ सप्टेंबर १८५४ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही परमुलखात लपून नव्हे तर बेळगावातच, जेथे त्यांना प्रत्येक जण ओळखत होता. शास्त्रकारांचा तिसरा घटक म्हणजे काय हे या एका तारखेवरून कळते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ साली, विधवांच्या हालांवर त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले आणि मराठी कादंबरीचा पाया घातला. पुढे १९०६ साली निधन होईपर्यंत त्यांची लेखणी थांबली नाही. या माणसाने धर्म बदलला तो नोकरीसाठी किंवा साहेबाच्या मर्जीसाठी, असा आक्षेप त्या काळच्या बहुतेक धर्मांतरितांवर सरसकट घेतला जाई. ‘अरुणोदय’ वाचणाऱ्याला तो बाबांवर घेता येणार नाही.

बाबांचे उदाहरण आधी पटणे, मग स्वाधीन होणे आणि मग बाप्तिस्मा, अशा सरळ क्रमाचे आहे. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा क्रम उलटा झाला, आणि म्हणूनच तो अधिक बोलका आहे. संस्कृत विद्येचा अलौकिक अधिकार असलेल्या या विदुषीने २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. ज्यांच्या युक्तिवादाचा तिच्यावर परिणाम झाला ते नीळकंठशास्त्री गोरे हेही असेच पंडित, १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेले आणि षड्दर्शनांचे खंडन करणारे. परंतु १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई निःसंकोचपणे सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मते पटली होती, नीतीची थोरवी पटली होती, विधी पार पडले होते. अंतःकरणाला शांती नव्हती. या काळात ती स्वस्थ बसलेली नव्हती. अमेरिकेत दौरे काढून तिने पैसा उभा केला, १८८९ साली मुंबईस शारदासदन उघडले, पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले, टीकेचा वर्षाव सोसला. सत्कर्मांची रास पडत होती आणि तारणाची खात्री नव्हती! बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपल्या विद्वत्तेने किंवा सेवेने नव्हे तर केवळ ख्रिस्ताने केलेल्या कार्यावर विसंबून आपण देवापुढे उभे राहू शकतो, ही गोष्ट तिच्या मनाने स्वीकारली.

तिच्या या वळणाला विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त कारण झाले, असे ती स्वतःच सांगते. हा हॅस्लम कॉर्नवॉल परगण्यात बॉल्डू येथे पाद्री होता, आणि १८५१ साली तो व्यासपीठावर उभा राहून ख्रिस्ताविषयी प्रवचन करीत असता, आपण जे सांगत आहो ते आपल्यालाच लागू आहे असा उजेड त्याच्या मनात पडला. त्याच्या चेहऱ्यावरचा पालट ओळखून श्रोत्यांतूनच एकाने पाद्रीसाहेबांचे मनपरिवर्तन झाल्याचे ओरडून जाहीर केले. ज्या मेथॉडिस्ट परंपरेकडे बेळगावचे क्षेत्र पुढे आले तिचा मूळ पुरुष जॉन वेस्ली याची कथाही याच वळणाची आहे. १७२८ साली दीक्षित पाद्री झालेला, १७३५ साली अमेरिकेतील जॉर्जियात मिशनरी म्हणून गेलेला हा कडक नेमनिष्ठ माणूस समुद्रात वादळ उठले तेव्हा मरणाच्या भीतीने गळून गेला, आणि त्याच गलबतावरची मोरावियन कुटुंबे मात्र शांतपणे स्तोत्रे गात राहिली. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत लूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असता, ख्रिस्ताने आपले, अगदी आपले स्वतःचे पाप दूर केले आहे, असा भरवसा त्याला प्रथम आला. दहा वर्षे व्यासपीठावरून ज्याने विश्वासाचा उपदेश केला त्याला विश्वास दहा वर्षांनी लाभला. म्हणूनच या परंपरेतील चांगला उपदेशक आपला प्रश्न बाहेरच्यांच्या आधी मंडळीत बसलेल्या बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांना विचारतो.

१९०५ सालच्या जून महिन्यात रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात जे घडले त्याकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. त्या वर्षाच्या आरंभापासून रमाबाईंनी मुलींची एक प्रार्थनामंडळी चालविली होती. जूनच्या अखेरीस तेथे शेकडो मुली व स्त्रिया आपली पापे उघडपणे सांगू लागल्या, रडू लागल्या, रात्री-अपरात्री प्रार्थना होऊ लागल्या. मिनी एब्रम्स या मेथॉडिस्ट मिशनरी बाईंनी त्याचा वृत्तांत लिहिला आणि ती वार्ता जगभर गेली. अशा भरतीच्या वेळी खरे व अनुकरणाचे अश्रू एकमेकांत मिसळतात हे निर्विवाद आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात चार्ल्स फिनी याने सभेत पुढे एक बाक ठेवून, ज्यांना पापाची टोचणी लागली असेल त्यांनी तेथे येऊन बसावे, अशी रीत लोकप्रिय केली, आणि तेव्हापासून हात वर करणे, पुढे येणे, पत्रकावर नाव लिहून देणे हे प्रकार जगभरच्या सभांत रूढ झाले. बिली ग्रॅहम यांच्या सभांनी त्यांचा कळस गाठला. १९५६ च्या जानेवारीत ते मुंबईस आले तेव्हा मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरून शहर पेटलेले होते आणि त्यांची तेथील जाहीर सभा होऊ शकली नाही. सभेत पुढे येणे ही एक सुरुवात असू शकते, हे मला मान्य आहे. परंतु ज्या उपदेशकाने तेवढ्यावरून माणसाला तारणाची खात्री देऊन टाकली, त्याने यहूदाच्या आणि पेत्राच्या दुःखातला फरक तपासण्याचे आपले काम अर्धवट टाकले. केडगावच्या बाबतीत तपासायला जागा आहे: दुष्काळातून आणलेल्या ज्या मुली त्या रात्री रडल्या, त्या दुसऱ्या दिवशी दळण, विणकाम, छापखाना आणि आजाऱ्यांची शुश्रूषा यांकडे परत गेल्या, आणि रमाबाई १९२२ साली वारल्या तोपर्यंत मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत राहिल्या; ते १९२४ साली छापून पुरे झाले.

आपल्या भागातील ख्रिस्ती उपदेशकांना माझी एक विनंती आहे. पश्चात्ताप आणि विश्वास समजावून सांगताना त्यांनी परमुलखातील दाखल्यांवर भिस्त ठेवू नये. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ आणि रमाबाईंची साक्ष त्यांच्या हाताशी आहे, आणि ती मराठीत विचार करणाऱ्या माणसांनी स्वतःच्या घरादाराची किंमत मोजून दिलेली आहे. आणि जे ख्रिस्ती नाहीत त्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकांनीही ही पुस्तके आपापल्या गावच्या वाचनालयांकडून आग्रहाने मागवावीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी असतीलच. ‘अरुणोदय’ तेथे नसेल तर या शहरात जन्मलेल्या आणि याच शहरात बाप्तिस्मा घेतलेल्या ग्रंथकाराचे ते पुस्तक चालकांनी मिळवून ठेवावे.